झिपरीचा दात दुखतो ठण ठण

जांभळीच्या झाडावर होती एक ढोली. ढोलीत राहायची झिपरी खार. एवढी एवढीशी!

झिपरीला गूळ आवडे. दात घासायचा कंटाळा. दाताला लागली कीड.

एकदा तिने शेंग फोडली. कट्ट! दाताचा तुकडाच पडला.

शेजारी तिचा दादा पिट्ट्या शेंगा खात होता. कुडुम कुडुम! झिपरी जळफळली. "यालाच बरे चांगले दात!"

आई म्हणाली, "झिपरे, आत्ताच डॉक्टरांकडे जा. शेजारचा ससुल्या गेलाच नाही. गाल सुजला टुम्म! आता दवाखान्यात पडून आहे. सुया टोचतात. घरी येता येत नाही."

झिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली सुतारपक्ष्याकडे. तो दातांचा डॉक्टर.

"डॉक्टरकाका, डॉक्टरकाका!
दादा शेंगा खातो कुडुम कुडुम.
माझा दात दुखतो ठण ठण.
दात बघा ना!"

"नाही बघणार. माझी चोच मळलीय. मळक्या चोचीने दात कसा कोरू? झऱ्याला सांग वाहायला."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"झरेदादा, झरेदादा!
दादा शेंगा खातो कुडुम कुडुम.
माझा दात दुखतो ठण ठण.
डॉक्टर बघेना.
तू वाह ना!"

"नाही वाहणार. सगळे नदीवरच जातात. तिचंच कौतुक! माझ्या तोंडात नुसता पाचोळा. वाऱ्याला सांग सुटायला."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"वारेदादा, वारेदादा!
दादा शेंगा खातो कुडुम कुडुम.
माझा दात दुखतो ठण ठण.
डॉक्टर बघेना,
झरा वाहेना.
तू सूट ना!"

"नाही सुटणार. कोकिळेचं गाणं सगळे ऐकतात. माझं कुणी ऐकत नाही. बांबूला सांग माझ्यासंगे वाजायला."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"बांबूदादा, बांबूदादा!
दादा शेंगा खातो कुडुम कुडुम.
माझा दात दुखतो ठण ठण.
डॉक्टर बघेना,
झरा वाहेना,
वारा सुटेना.
तू वाज ना!"

"नाही वाजणार. माझ्या भावाची झाली बासरी. मी आपला नुसता उभा! मला भोकच नाही. भुंग्याला सांग पाडायला."

तुरु तुरु... तुरु... तुरु. झिपरी दमली.

"भुंगेदादा, भुंगेदादा!
दादा शेंगा खातो कुडुम कुडुम.
माझा दात दुखतो ठण ठण.
डॉक्टर बघेना,
झरा वाहेना,
वारा सुटेना,
बांबू वाजेना.
तू भोक पाड ना!"

"नाही पाडणार. सगळे मधमाशीला शाबास म्हणतात. मला कुणीच म्हणत नाही!"

झिपरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने गाल चाचपला. जरासा फुगला होता.

"भुंगेदादा, तुला पण हेवा वाटतो?"

"हो. पोटात गरम गरम होतं."

"मला पण! तस्संच होतं!"

झिपरीने भुंग्याकडे नीट पाहिलं. "अय्या! तू किती काळा काळा, चकचकीत! शाबास, भुंगेदादा!"

भुंगा फुलला. गुंऽऽऽ!

भुंग्याने भोक पाडलं, गुर्र गुर्र.
बांबू वाजला, पीं पीं.
वारा सुटला, सूं सूं.
पाचोळा उडाला, भुर्र!
झरा वाहिला, झुळु झुळु.
डॉक्टरांनी चोच धुतली, खळ खळ.

"झिपरे, आ कर."

टक टक टक! कीड निघाली. डिंक भरला. दात थांबला दुखायचा.

"वेळेवर आलीस हो! दवाखान्यात राहायला नको. जा घरी."

घरी आईने झिपरीला कुशीत घेतलं. मऊ मऊ केळं भरवलं.

आता पिट्ट्या जळफळला. "हिलाच डॉक्टर! हिलाच केळं! माझे दात कुणी बघतच नाही!"

"मग दाखवून ये की," आई म्हणाली. "दुखायच्या आधी जावं, तेच बरं."

पिट्ट्या धावत सुटला. डॉक्टरांपुढे बसला. आणि तोंड उघडलं एवढं मोठ्ठं!

आऽऽऽऽऽ!