जोडपाटाचं मेहूण

चिंचोऱ्याच्या टेकडीवर, महादेवाच्या देवळासमोर हे दोन दगडी पाट आहेत ना, ते जरा वाकून बघा. लांबून दोन वाटतात, पण मधे सुताएवढीही फट नाही. आम्ही त्यांना जोडपाट म्हणतो. बसा चाफ्याखाली, चढून दमला असाल. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते.

फार जुनी गोष्ट म्हणे. खालच्या आळीत आवडाई आणि रखमाजी राहत. त्यांना एकच लेकरू, येसू. सुईणीनं मुलगा म्हणून सांगितलं, गावात गूळ वाटला. पण लेकरू वाढू लागलं तसं निराळं दिसू लागलं. सकाळी बापाबरोबर औत धरायचं आणि दुपारी आईची बुगडी कानात घालून जात्यावर ओव्या म्हणायचं. दोन्ही सारख्याच आवडीनं. पाणवठ्यावर बायका हसायच्या, “आवडे, येसूला सून बघायची का जावई गं?” आवडाई अर्धी भरलेली घागर उचलून घरी यायची.

एकदा पारावर कुणीतरी हेच रखमाजीला ऐकवलं. तो तसाच घरी आला आणि म्हणाला, “या घरात राहायचं तर धड एक काहीतरी हो.” येसूनं बुगडी काढून जात्यावर ठेवली आणि लेकरू घराबाहेर पडलं, ते परत आलंच नाही.

आवडाईनं सोळा सोमवार धरले. आपल्या देवळातला मुखवटा तुम्ही पाहिलात, अर्धा शिवाचा, अर्धा पार्वतीचा. दर सोमवारी ती उजव्या गालाला भस्म लावी, डाव्या गालाला हळद. येसूची बुगडी तिनं देवाच्या डाव्या कानात घातली आणि मागणं मागितलं, “लेकरू परत येऊ दे. पण देवा, धड एक काहीतरी होऊन येऊ दे.”

सतराव्या सोमवारी उद्यापन. उद्यापनाला मेहूण जेवू घालायचं, म्हणजे नवरा-बायकोला जोडीनं बसवायचं, देव-देवी समजून. दिवस मावळायच्या आत मेहूण जेवलं नाही, तर सोळा सोमवार वाया. आवडाईनं देवळापुढं दोन पाट मांडले, दोन पानं वाढायला घेतली आणि आमंत्रणाला निघाली. सहा घरं फिरली. कुणाला ताप होता, कुणाला सुतक. सातवीनं मात्र तोंडावरच सांगितलं, “तुझ्या घरचं जेवून माझ्या सुनेच्या पोटी तसलंच आलं तर?”

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. रखमाजी या चाफ्याशी खाली मान घालून उभा होता. इतक्यात पायऱ्यांवरून येसू आलं. कमरेला धोतर, पाठीवर लांब वेणी, अंगानं वाळलेलं. बाजारात त्याच्या कानावर आलं होतं की आईला मेहूण मिळेना.

“आये, पलीकडच्या वाडीतून एखादं जोडपं आणू का? पळत जाते नि पळत येतो.”

आवडाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “आधी दोन घास खा. बस.”

येसूनं पाटांकडं पाहिलं. एक नवऱ्याचा, एक बायकोचा. “कुठल्या पाटावर बसू, आये?”

आवडाईच्या हातातली पळी तशीच राहिली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसलेले गुरव म्हणाले, “आवडाई, एका माणसाचं मेहूण होत नसतं.”

तिनं गाभाऱ्यात पाहिलं. एका गालाला भस्म, एका गालाला हळद. सकाळी तिनंच लावलेली. सोळा सोमवार तिनंच लावलेली. आणि देवाला कधी म्हणाली नव्हती की बाबा, धड एक काहीतरी हो.

“गुरवमामा,” ती म्हणाली, “आत बसलेत ते किती जण आहेत हो?”

गुरव उठले आणि त्यांनी घंटा वाजवली.

आवडाईनं दोन्ही पाट ओढून एकमेकांना भिडवले. “बस मधोमध. दोन्ही तुझेच.” दोन पानांवरचा चुरमा येसूला वाढला. मग ओटी भरली आणि पागोटंही दिलं. देवाला नमस्कार करून बुगडी उतरवली आणि लेकराच्या कानात घातली.

हात धुवायला पाणी घालायचं ते यजमानानं. रखमाजी तांब्या घेऊन पुढं आला. “बा, पुरे,” येसू म्हणालं. तरी तांब्या रिकामा होईपर्यंत तो घालतच राहिला.

दिवस मावळला. पाट उचलायला गेले तर हलेनात. दगडाचे झाले होते आणि मधली फट बुजली होती, असं सांगतात.

आजही चिंचोऱ्यात उद्यापनाला दोन पाट भिडवूनच मांडतात. पहिलं पान येसूसारख्या माणसाचं. लांबलांबून येतात ती. कुणाला घरच्यांनी हाकललेलं असतं, तर कुणाबरोबर आईही येते, पदर तोंडाशी धरून. इथं ओटीही मिळते आणि पागोटंही, हवं ते घ्यावं. कुठल्या पाटावर बसू, असं कुणाला विचारावं लागत नाही. आणि एखाद्या वर्षी मागून, पायऱ्यांवर घुटमळत, कुणाचा तरी बाप येतो. त्याला आम्ही काही विचारत नाही. भरलेला तांब्या तेवढा हातात देतो.