डुकराने पेरलेली खारी माती

एका डोंगराळ जंगलात एक सायाळ राहत असे. अंगभर काटे आणि नाकाच्या शेंड्यावर राग, अशी तिची ओळख होती. तिची चाहूल लागली की ससे वाट बदलत. पण मुलांनो, ही सायाळ उगाच कधी रागावत नसे, आणि आज जी गोष्ट सांगतो आहे तिचा राग तर मलासुद्धा येतो.

सायाळ रानातले कंद खाऊन जगे. कंद उकरण्याची तिची एक रीत होती. वेलाला चिकटलेला वरचा तुकडा ती कधीच खात नसे. तो खड्ड्यात तसाच ठेवून ती पायांनी वर माती लोटी आणि मगच पुढे जाई. पोट अर्धेच भरले असले तरी ही रीत तिने मोडली नाही. पावसाळ्यात त्या तुकड्याला कोंब फुटे, वेल झाडावर चढे आणि हिवाळ्यात त्याच जागी नवा कंद तयार असे.

त्याच जंगलात ओढ्याच्या काठाला खारट मातीची एक दरड होती. पाल्यात आणि गवतात मीठ फारसे नसते, म्हणून जनावरे तिथे येऊन माती चाटत. पिल्ले व्हायची असत त्या माद्यांना तर ती हवीच असे. त्या वर्षी एक हरिणी गाभण होती. तिचे आधीचे पाडस अशक्त निपजले होते आणि जगले नव्हते. या खेपेला तसे होऊ नये म्हणून ती रोज सकाळी येई, दरडीवरून थोडी जीभ फिरवी आणि निघून जाई. सायाळही तिच्या शेजारी उभी राहून माती चाटे. दोघी फारशा बोलत नसत, पण एकमेकींची सवय झाली होती.

एका सकाळी रानडुक्कर आपला कळप घेऊन तिथे आला आणि सुळ्यांनी दरड फोडू लागला. मोठमोठी ढेकळे खाली आली. कळपाने पोटभर माती खाल्ली, खाऊन कंटाळा आला तेव्हा उरलेल्या मातीत लोळण घेतली. हरिणी झाडाआड उभी राहून बघत होती. डुकरापुढे तोंड उघडायची तिची छाती झाली नाही. सायाळीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. काटे फुलवून ती दरडीसमोर आडवी उभी राहिली.

"ही चाटायची माती आहे," ती म्हणाली. "सुळे लावायला कोणी सांगितलं तुला?"

डुक्कर जराही चिडला नाही. लहान मुलाची समजूत घालावी तसा तो म्हणाला, "सायाळबाई, मी तर तुमचंच पाहून शिकलोय. तुम्ही कंद खाता, एक तुकडा पुरता, आणि कंद परत येतो. मीसुद्धा तुकडा ठेवतोय की."

आणि खरोखरच त्याने एक चांगलेसे ढेकूळ निवडले, खड्डा करून त्यात ठेवले आणि वर माती लोटून नाकाने दाबून बसवली. सगळ्या कळपाने माना डोलावल्या.

"अरे, कंदात जीव असतो, म्हणून त्याला कोंब फुटतो," सायाळ म्हणाली. "या मातीला कुठून फुटणार? हा डोंगर झाला तेव्हाची ती आहे, आणि आहे तेवढीच आहे."

डुक्कर म्हणाला की पावसाळा तर होऊ दे, मग बघू. वानरांना त्याचे म्हणणे पटले, भेकरांना पटले. का नाही पटणार? हवे तेवढे खा, परत येईलच, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? खरे बोलणारी सायाळ तेवढी सगळ्यांना भांडखोर वाटली. याचा राग येऊ नये तर कशाचा यावा!

सायाळीने डुकराच्या नाकात काटे रुतवले, तेव्हा तो काही दिवस फिरकला नाही. मग ती कंद शोधायला गेली की मागून येऊन तो दरड फोडू लागला. तिलाही पोट होते, ती दिवसभर पहारा देऊ शकत नव्हती. उन्हाळा संपेपर्यंत दरड पोखरून निघाली, आणि जी भुसभुशीत माती उरली होती ती पावसाने ओढ्यात वाहून नेली. मागे राहिला नुसता काळा खडक.

पाऊस ओसरल्यावर डुक्कर आपल्या खड्ड्यापाशी जाऊन बसला. तिथे हिरवे काही वर आलेले पाहून त्याला कोण आनंद झाला. त्याने घाईघाईने उकरले, तर ते साधे गवत होते. ढेकूळ कधीच विरघळून गेले होते. तरी तो शेजारी खणत राहिला, न जाणो जागा चुकली असेल म्हणून.

तो खणत असतानाच हरिणी आली. तिच्यामागे नुकतेच जन्मलेले पाडस होते. ते दोन पावले टाकी आणि गुडघ्यांवर बसे. तिसऱ्यांदा बसले ते उठलेच नाही. हरिणी त्याला हुंगून पुढे झाली आणि दरड होती त्या जागी खडक चाटू लागली.

डुकराचे सुळे मातीतच राहिले. सायाळ समोर उभी होती. तिच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं. मला माफ करा. आता काय पेरायचं ते सांगा, तेवढं मी करतो."

सायाळीने काटे फुलवले. "काही पेरू नकोस. पेरायला काही ठेवलं नाहीस तू. आणि माफी माझी कशाला मागतोस? ती बघ, तिची माग."

डुक्कर हरिणीजवळ गेला आणि माफी मागू लागला. हरिणीने मान वर केली नाही. ती खडक चाटतच राहिली.

तात्पर्य : जे उगवते त्याचे बी राखून खावे, जे उगवतच नाही, त्यात मागून येणाऱ्यांचाही वाटा आहे हे ओळखून जपून घ्यावे. सगळे संपवल्यावर मागितलेल्या माफीने कोणाचे पाडस उठून उभे राहत नाही.