वाफ्यातला म्हातारा कंद

निशिगंधाचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो, हे ठाऊक आहे का तुम्हाला? फार पूर्वी एका मळ्यात असाच एक फुलून गेलेला म्हातारा कंद होता. त्याला बिलगून त्याची पिल्लं मातीत झोपायची.

एका संध्याकाळी साळूबाई पाठीवरचे काटे सळसळवत कुंपणाखालून आली आणि वाफा उकरू लागली.

"बाबा, कोण आलंय?" एक पिल्लू घाबरून म्हणालं.

"गप पड, पाहुणी आहे," म्हातारा म्हणाला. मग वर ओरडला, "साळूबाई, जेवायला बसलीस, हात तरी धुतलेस का?"

"चेष्टा पुरे," साळू म्हणाली. "बिळात बाळ दुधासाठी रडतंय. माझ्याच पोटात काही नाही, तर दूध कुठून येणार?"

म्हातारा म्हणाला, "मग मला खा, बाई. माझं फुलून झालंय. यांचं अजून व्हायचंय."

साळूने पिल्लांकडे पाहिलं. मग ती अगदी हलक्या पंजाने, म्हाताऱ्यापुरतंच उकरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात एक लहानसा खड्डा होता. पिल्लं नीट मातीखाली होती, आणि घुशींना जवळ येता येऊ नये म्हणून त्यांच्याभोवती साळूचे काटे रोवलेले होते.