केवढी मोठी?

चौथ्या वर्षी शिवलेलं पोलकं येसूला सहाव्या वर्षीही सैलच होत होतं. आपल्याच हातून काहीतरी चुकतंय, या घोराने तिची आई गोदा रात्रभर कूस बदलत राहिली. घरात रोज पेज आणि जवळा. त्यावर पोर वाढणार तरी कशी?

सकाळी गोदा येसूला घेऊन खाडीकाठच्या बागेत जाळी सांधायला बसली. लाल, गुलाबी, केशरी जास्वंदी दवाने लुकलुकत होत्या. जाळ्यात एक इवलासा शिंजीर पक्षी अडकला होता. पंख न दुखवता येसूने एकेक दोरा सोडवला. मग आपल्या वाटणीचा एकुलता एक गुळाचा खडा वाटीभर पाण्यात विरघळवून तिने त्याच्या चोचीशी धरला.

शिंजीर प्यायला, झळाळला, आणि जांभळ्या-सोनेरी पंखांची बोटभर परी झाला.

"येसू, एक इच्छा माग. पण माप सांगून. मोघम मागणं मला पुरवता येत नाही."

गोदाने हळूच कोपराने ढोसलं. "बाय, मोठी कर म्हण."

"मला मोठी कर."

"केवढी? देवमाशाएवढी?" परीने पंख हलवला, तशी समोर समुद्राची निळीशार लाट पडद्यासारखी बाजूला झाली. आत देवमासा डुलत होता. नुसती जीभच हत्तीच्या वजनाची. "खातो काय, ठाऊक आहे? जवळ्यासारखे चिमुकले जीव."

"जवळा खाऊन एवढा?" गोदाने विचारलं.

"एवढा. आणि शिंजीर वजनाला भरतो जेमतेम आठ चिंचोके. तोही पुरता वाढलेलाच असतो हं. गातात मात्र दोघंही."

गोदाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

येसू विचारात पडली. "देवमासा आईच्या मांडीवर बसतो?"

"कुठला बसतोय."

"शिंजीर कळशी उचलतो?"

"नाही गं."

"मग मला कळशी उचलेन एवढी कर. पण आईच्या मांडीत मावले पाहिजे."

परी खुदकन हसली. "असं माप कुणी मागितलं नव्हतं. दिलं. रोज तिळातिळाने वाढशील." तिने बोट टेकवताच वाटी मधाने काठोकाठ भरली. मग जास्वंदीच्या पाकळीपाकळीतून उजेड पाझरला आणि त्या लख्ख उजेडात परी विरून गेली.

गोदाने हात जोडले. परीला, समुद्राला आणि जरा ओशाळून जवळ्यालासुद्धा.

येसू मांडीवर चढून बसली. दोन्ही बाजूंनी हात लावून तिने जागा चाचपली आणि म्हणाली, "आई, तुझी मांडीपण वाढेल ना गं?"