तरंगत्या लोखंडाची शपथ

एका राज्यात एक राजा होता, एवढ्यावर भागले असते तर सांगणाऱ्याचे काम सोपे झाले असते. पण ही गोष्ट सात राज्यांची आहे. निळ्या समुद्राच्या काठाने सात नगरे होती आणि ती आपापसांत भांडण्यात इतकी दंग असत की शेजारच्या बकरीने पाला खाल्ला तरी रणशिंग वाजे. मग एका वर्षी पूर्वेच्या सम्राटाची गलबते आली. शिडांमागे क्षितिज दिसेना, तेव्हा कुठे सातांना अक्कल सुचली. सगळे एका रांगेत उभे राहिले, आणि सम्राट आल्या वाटेने परत गेला.

त्या विजयानंतर सातही राजे थेया नावाच्या जादूगारिणीच्या बेटावर जमले. त्यांनी लोखंडाचा एक गोळा समुद्रात टाकला आणि शपथ घेतली, "हे लोखंड ज्या दिवशी तरंगेल, त्या दिवशी आमची मैत्री तुटेल." लोखंड तळाशी गेले. मग सातांनी सोने आणून बेटावर एक खजिना ठेवला. सम्राट पुन्हा आला तर त्यातून गलबते बांधायची, एरवी कोणी त्याला बोट लावायचे नाही, असे ठरले.

सम्राट काही आला नाही. सातांत थोरली नगरी होती राजा आर्केमनची. तो एके दिवशी म्हणाला, "बेटावर सोने उघड्यावर पडून आहे, माझ्या किल्ल्यात ते सुरक्षित राहील." आणि त्याने खजिना उचलून नेला. सर्वांत धाकट्या नगरीची राणी दोरिस तेवढी म्हणाली, "हे ठरले नव्हते." आर्केमनने तिच्या नगरीचा तट पाडला. बाकीच्यांनी शब्द गिळले.

तट पडला त्याच दिवशी थेयाच्या बेटाजवळ लोखंडाचा गोळा वर आला आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा तरंगू लागला.

आर्केमनला एकच मुलगी होती, मेलांथा. बाप हल्ली ऐन उन्हाळ्यात अंगावरची शाल काढत नाही, हे तिने पाहिले होते. एकदा भोजनाच्या वेळी त्याचा डावा हात पेल्यावर आपटला आणि घंटा वाजावी तसा टण्ण आवाज झाला. मेलांथाने उठून शाल बाजूला केली. बोटांपासून कोपरापर्यंत हात काशाचा झाला होता.

"बाबा, कधीपासून?"

"तट पडला त्या दिवसापासून," राजा म्हणाला. "रोज थोडा वर चढतो. काळजापर्यंत पोचला की संपलं. कोणाला सांगू नकोस."

मेलांथाचा बापावर फार जीव होता आणि त्या क्षणी त्याचा रागही तितकाच आला. डोळे पुसून तिने होडी काढली आणि थेट थेयाचे बेट गाठले.

थेया दगडावर बसून जाळे विणत होती. तिच्या खांद्यावर एक खंड्या पक्षी होता, तो माणसासारखा बोले, आणि जरा जास्तच बोले.

"आली!" खंड्या म्हणाला. "बापाने केलं, लेकीला धावाधाव."

"माते, शाप मागे घ्या," मेलांथा म्हणाली.

"शाप माझा नाही. मोडलेल्या शपथेचा आहे," थेया म्हणाली. "ते लोखंड पुन्हा बुडलं पाहिजे. त्यासाठी तीन कामं आहेत. ज्यांचा तट तुझ्या बापाने पाडला, त्यांच्या चुलीवरचं मागून खा. ज्यांना तो शत्रू मानतो, त्यांच्या रांगेत ढाल धर. आणि खजिना इथे परत आण."

"करते," मेलांथा म्हणाली.

"जमेल का, हे तरी विचार," खंड्या म्हणाला.

"जमवते." आणि ती निघाली. खंड्याला राहवले नाही, तोही उडत मागे गेला.

धाकट्या नगरीत राणी दोरिस भर चौकात चूल मांडून मसूर शिजवत होती. तट पडल्यापासून सारी नगरी एकत्रच जेवे. मेलांथा समोर उभी राहिली. "मी आर्केमनची मुलगी. मला भूक लागली आहे."

भोवतालची माणसे उठून उभी राहिली. दोरिसने पळी खाली ठेवली. त्या किनाऱ्यावरची रीत अशी की चुलीशी येऊन मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही, आणि एकदा खाऊ घातल्यावर त्याच्यावर हात उचलायचा नाही.

"मागितलंस, तर मिळेल," दोरिस म्हणाली. "पण आमच्याकडे जो जेवतो, तो आधी दगड उचलतो."

मेलांथा पडलेल्या तटाचे दगड उचलू लागली. तळहात सोलवटले, पाठ धरली, खंड्यासुद्धा गप्प झाला. तटाचा एक कोपरा तिच्या कमरेइतका उंच झाला, तेव्हा दोरिसने स्वतः तिला हाक मारली आणि जवाची भाकरी अन् मसूर वाढले. इतके चविष्ट अन्न ती राजवाड्यात कधी जेवली नव्हती. दोरिस मात्र तिच्याकडे बघून एकदाही हसली नाही.

दुसरे काम डोंगराकडच्या नगरीत होते. तिथला राजा पेलोन आणि आर्केमन यांचे एकमेकांचे नाव घेतले तरी तोंड कडू होई. त्या नगरीत दर वसंतात डोंगरावरून दगडी रेडे खाली धावत येत, आणि माणसे ढालींची रांग करून त्यांना थोपवत. रांगेत ढाल डाव्या हातात धरायची. तिच्या अर्ध्या भागाने आपण झाकले जातो, अर्ध्याने आपल्या डावीकडचा. प्रत्येकाचा जीव उजवीकडच्याच्या हातात. उजव्या टोकाला जो उभा राहतो त्याला झाकायला कोणी नसते, म्हणून ती जागा मानाची.

"टोकाला उभी राहशील?" रांगेत जागा मागणाऱ्या मेलांथाला पेलोनने विचारले. त्याला वाटले, पोर काढता पाय घेईल.

"राहीन."

रेडे आले. धुळीचा लोट उठला, जमीन हादरली. एक रेडा नेमका तिच्याकडे वळला. हात आपोआप ढाल स्वतःकडे ओढू लागला. भीतीने सगळ्यांचे हेच होते, आणि मग रांगा फुटतात.

"डावीकडे बघ!" खंड्या किंचाळला.

डावीकडे एक दाढीवाला अनोळखी माणूस होता. आपली उजवी कूस तिच्या भरवशावर टाकून तो सरळ समोर बघत होता. मेलांथाने दात आवळले आणि ढाल होती तिथेच ठेवली. शिंगाने तिचा उजवा खांदा फाडला, पण रांग हलली नाही. रेडे ढालींवर आपटून गोटे होऊन पडले.

पेलोनने स्वतः तिचा खांदा बांधला. "आर्केमनच्या मुलीने आमचा माणूस झाकला. काय हवं ते माग."

"बेटावर या. साऱ्यांना घेऊन या."

"येतो," पेलोन म्हणाला.

उरले तिसरे काम, आणि ते सोपे असेल असे मेलांथाला वाटले होते. किल्ल्यावर येऊन तिने खजिन्याचे दार उघडले, तर आत नुसती कोळिष्टके! ती धावत बापाकडे गेली. कासे आता खांदा ओलांडून छातीवर उतरले होते.

"महाराज, सोनं कुठे आहे?"

राजाने खिडकीतून टेकडीकडे बोट दाखवले. तिथे नगरदेवीची उंच लाकडी मूर्ती होती, आणि तिच्या अंगावर त्याच सोन्याचा पायघोळ शालू झळकत होता. लांबची गलबते तो बघून वाट ओळखत.

"तो शालू उतरवा," मेलांथा म्हणाली.

"देवीला उघडी करू? लोक मला दगड मारतील. मेलो तरी चालेल, पण माझी नगरी सातांत उजळ दिसली पाहिजे."

"देवीने मागितला होता का?" मेलांथाचा आवाज चढला. मग तिने त्याच्या काशाच्या हातावर हात ठेवला. "बाबा, सम्राटाशी लढताना तुम्ही उजव्या टोकाला होतात. तुमच्या डावीकडे कोण होतं?"

"दोरिसचा नवरा," राजा म्हणाला. "सबंध दिवस मी त्याला झाकलं. संध्याकाळी त्याने मला आपल्या वाटणीचं पाणी दिलं." आणि आर्केमन रडला.

मग तो उठला, टेकडी चढला आणि धड असलेल्या एका हाताने शालूच्या कड्या स्वतः सोडवू लागला. लोक जमले, ओरडले, दोन-चार दगडही आले. मेलांथा ढाल घेऊन त्याच्याशेजारी उभी राहिली.

बेटावर सातही नगरांची माणसे जमली आणि ढाली घेऊन एका रांगेत उभी राहिली. आर्केमनने सोने थेयाच्या पायाशी ठेवले. सर्वांनी समुद्राकडे पाहिले. लोखंड तरंगतच होते. राजाला आता श्वास पुरेना.

"तिन्ही कामं झाली!" मेलांथा ओरडली. "आता काय राहिलं?"

"तुझी झाली," थेया म्हणाली. "त्याचं राहिलं."

आर्केमनने रांगेकडे पाहिले. उजवे टोक त्याच्यासाठी मोकळे सोडलेले होते, सवयीने. तो तिथे गेला नाही. पाय ओढत तो रांगेच्या पार डाव्या टोकाला गेला, जिथे दोरिस उभी होती. तिच्याही डावीकडे, सर्वांत शेवटी तो उभा राहिला.

"दोरिस, मी चुकलो," तो म्हणाला. "मला झाक."

दोरिसने त्याच्याकडे पाहिले. ती नुसते एक पाऊल बाजूला सरली असती, तरी तो उघडा पडला असता.

"तट तू बांधून देशील," दोरिस म्हणाली. "स्वतःच्या हातांनी."

"देईन."

"मग हात हवेत तुला." आणि तिने आपली ढाल डावीकडे सरकवली.

समुद्रात डुबुक असा आवाज झाला. लोखंड तळाला गेले. राजाच्या छातीवरचे कासे ओसरत बोटांतून गळून गेले, आणि त्याने पोटभर श्वास घेतला.

खजिना बेटावरच राहिला. टेकडीवरची देवी लाकडी अंगाने उभी आहे आणि गलबतांना वाट सापडतेच. धाकट्या नगरीचा तट पुरा झाला, तेव्हा आर्केमन मेलांथासह त्याच चौकात मसूर जेवायला बसला. दोरिसने वाढले, आणि त्या दिवशी ती मेलांथाकडे बघून हसली.

खंड्या अजून रोज सकाळी समुद्रात सूर मारतो आणि वर येऊन, कोणी विचारो न विचारो, सांगतो, "तळाशीच आहे."