माळ्यावरची गाडी

कोल्हापुरात सरनोबत सरकारांकडे १९६८ सालची एक अमेरिकन मसल कार होती. लांबलचक नाक, वाघासारखा आवाज आणि अख्ख्या जिल्ह्यात तशी दुसरी नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीत पहिलं बक्षीस तिलाच, हे सरकारांनी ठरवूनच टाकलं होतं. रॅलीचे अध्यक्षही तेच. अडचण एकच होती. सगळे पार्ट ओरिजिनल असल्याचा दाखला लागायचा आणि तो द्यायचे बाबालाल मिस्त्री.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. कार्बोरेटर नवा, रेडिएटर नवा, हॉर्न तर चक्क ट्रकचा.

"सगळं ओरिजिनल, असं लिहा," सरकार म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा मिस्त्री बघू."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "सरकार, पार्ट बदलला की गॅरेजवाला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तुम्ही ते टाकून दिले असतील."

"आमच्या घरात जुनी वस्तू टाकायची पद्धत नाही," सरकार ऐटीत म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीने माळ्याकडे बोट दाखवलं. "दोन पोती भरलीत. एकदाची न्या बाई कुणीतरी."

मिस्त्री शिडीने वर चढले, एकेका पार्टावरचा नंबर ताडून पाहिला आणि खाली येऊन दाखल्यावर सही केली. सरकारांनी खुशीत मोठ्याने वाचलं, "सर्व पार्ट ओरिजिनल असून माळ्यावर आहेत."

त्यांचा चेहरा उतरला. "हा दाखला घेऊन मी रॅलीत जाऊ कसा?"

"जावा की," मिस्त्री म्हणाले. "गाडी राहू दे घरात, पोती तेवढी न्या. पहिलं बक्षीस पक्कं."