शेवंतीची मान

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. पहाटेपासून दाट धुके. वारा अजिबात नाही. झाडांची पाने थेंब धरून स्वस्थ उभी.

नदी जिथे वळण घेते, त्या वळणावर डोहगाव वसले होते. तिथे मुलांच्या वयाची नोंद कोणी ठेवत नसे. हा पूर आला त्या वर्षीचा, ती आंबा मोहरला नाही त्या वर्षीची, एवढेच आया सांगत. म्हणून शाळेच्या पंतोजींनी एक रीत घातली होती. याच पंचमीला ते चिंचेखाली बसत आणि एकेक मूल समोर उभे राही. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाती आला तर मूल शाळेत. नाही आला तर पुढच्या पंचमीला. मान मात्र सरळ हवी.

या गावात सोनबा कासार बांगड्यांचे दुकान चालवी. त्याची मुलगी शेवंती मोठी स्वप्नाळू होती. दुकानाच्या पायरीवर बसून ती हिरवी बांगडी डोळ्याला लावी. मग तिला नदी हिरवी दिसे, बगळे हिरवे दिसत, आणि धुक्यातून येणारी म्हैस तर पाण्यातून वर येणारे बेट वाटे.

या पंचमीच्या महिनाभर आधी शेजारच्या हुसेन तांबोळ्याच्या नूरीने अंगणात खेळता खेळता डोक्यावरून हात नेला आणि कान पकडून दाखवला. शेवंतीनेही नेला. तिची बोटे भांगाच्या पलीकडे जेमतेम उतरली आणि तिथेच थांबली. हुसेनने पानाला चुना लावता लावता म्हटले, "काय सोनबादादा, अख्ख्या गावाचे हात तुझ्या हातून जातात, आणि पोरीचाच हात आखूड निघाला की."

हुसेन हे थट्टेत बोलला होता. सोनबाच्या मनाला ते लागले. दोघी एकाच पावसाळ्यातल्या, मग माझी मागे का, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना.

त्याने शेवंतीचा हात तिळाच्या तेलाने चोळला. तिला पेरूच्या फांदीला लोंबकळायला लावले. फांदी वाकली, हात होता तेवढाच राहिला. एका सकाळी शेवंतीने त्याला आपले स्वप्न सांगितले. तिचा हात भोपळ्याच्या वेलासारखा वाढत कौलांवर गेला, कौलांवरून आभाळात गेला, आणि तिथे तो चांदोबाचा कान शोधत राहिला.

"बाबा, चांदोबाला कान असतो का?" तिने विचारले.

"तू आधी तुझा धर," सोनबा म्हणाला.

शेवटी त्याने तिला युक्ती शिकवली. डावा खांदा थोडा उचलायचा, मान हळूच त्या खांद्याकडून उजवीकडे झुकवायची, की कान आपोआप वर येतो. पंचमीला धुके पडलेले पाहून त्याला बरेच वाटले. थंडीचे निमित्त करून त्याने तिला लहानपणीची कुंची घातली. डोक्यापासून पाठीपर्यंत सगळे झाकले गेले. कुंचीच्या आत मान कशी आहे ते पंतोजींना दिसले नाही. कानाच्या जागी बोटे टेकलेली तेवढी दिसली. शेवंती शाळेत गेली. सोनबाने त्या दिवशी हुसेनकडून विडा घेतला आणि तो सावकाश चघळला.

धूळपाटीवर पंतोजी अक्षर काढून देत. नूरीचे बोट त्यावरून सरसर फिरे. शेवंतीचे बोट वळणावर अडखळे आणि अक्षराबाहेर भटके. इतर मुले पुढच्या अक्षरावर जात, ती पहिल्यावरच राही. घरी आली की ती पायरीवर बसे, पण बांगडी डोळ्याला लावत नसे. स्वप्नेही सांगेनाशी झाली. तिची आई यमुना एक दिवस सोनबाला म्हणाली की पोरीच्या मानेला काहीतरी झाले आहे, जेवतानाही ती एका बाजूला झुकलेली असते. सोनबा म्हणाला, उशी बदल. यमुनेने उशी बदलली. मान तशीच राहिली.

संक्रांत जवळ आली आणि दुकानात गर्दी वाढली. शिंप्याची बायको आपल्या धाकटीला घेऊन आली. शेवंती त्या दिवशी वडिलांना डबे उघडून देत होती. सोनबाने मुलीचा हात हातात घेतला, सैल सोडायला सांगितला, पंजा दाबून माप पाहिले आणि बांगड्या काढल्या. शिंपीण म्हणाली, "भाऊजी, जरा वाढत्या मापाच्या द्या. आम्ही झगे शिवतो तसं. दोन वर्षं चालतील."

सोनबा हसला. "वहिनी, झगा मोठा झाला तर आत दुमडून टाचता येतो. बांगडी कशी दुमडाल? सैल बांगडी विहिरीवर गळून पडेल, पिचेल. आजच्या हाताला आजचं माप. हात वाढेल तेव्हा या, बांगड्या कुठे पळून जात नाहीत."

हे तो रोज कोणाला ना कोणाला सांगे. आज सांगताना त्याने डबा घ्यायला मागे पाहिले. शेवंती डबा घेऊन उभी होती. मान उजवीकडे झुकलेली, डावा खांदा वर. बांगड्या भरलेली धाकटी तिच्याकडे टकमक बघत होती.

गिऱ्हाईक गेल्यावर सोनबाने तिला जवळ बसवले. "मान सरळ कर बरं, बाळ."

शेवंतीने मान हलवली. "नको बाबा. सरळ केली की हात पोचत नाही. पंतोजींनी बघितलं तर ते मला काढून टाकतील, आणि हुसेनचाचा तुम्हाला हसतील."

सोनबा बराच वेळ हातातली बांगडी नुसती फिरवत बसला. खरे सांगितले तर शाळा जाणार होती. गावात बोलले जाणार होते, आणि शेजारच्या दुकानात रोज हुसेन बसलेला असणार होता. न सांगितले तर कोणालाच काही कळणार नव्हते. फक्त मान तशीच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी तो शेवंतीचा हात धरून चिंचेखाली गेला. तेल, पेरूची फांदी, खांदा, कुंची, काहीच त्याने वगळले नाही. पंतोजींनी सगळे ऐकून घेतले.

"मला वाटायचं, पोर मान कलती करून पाखरं ऐकते," ते म्हणाले. "म्हणून मी तिला दाराजवळ बसवलं होतं." मग त्यांनी धूळपाटी परत घेतली आणि शेवंतीला सांगितले, "पुढच्या पंचमीला ये. कुंची घालू नकोस."

संध्याकाळी सोनबा स्वतःच हुसेनच्या दुकानात गेला आणि म्हणाला की पोरीचा हात अजून लहान आहे. हुसेनने त्याला विडा करून दिला.

वर्ष हळूहळू गेले. शेवंती पेरूवर चढली, तिथूनच एकदा पडली, पुन्हा चढली. पुढचा दात हलू लागला तेव्हा तिने तो जिभेने ढकलून ढकलून काढला आणि कौलांवर फेकला. फुटक्या बांगड्यांचे तुकडे रंगांप्रमाणे मांडून ती पायरीवर नदी काढी, नदीत बेट काढी, बेटावर म्हैस. आधी म्हैस ओबडधोबड येई. पुढे तिला शिंगे आली, त्या शिंगांना वळण आले. धुक्याच्या दिवसांत ती बांगडी डोळ्याला लावून बसू लागली. मान केव्हा सरळ झाली ते यमुनेच्याही लक्षात आले नाही. एका सकाळी ती पुन्हा स्वप्न सांगू लागली.

पुढची मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. धुके विरळ, उन्हाची तिरीप चिंचेच्या बुंध्यावर. शेवंती कुंचीशिवाय उभी राहिली. मान सरळ होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेला आणि बोटांनी डाव्या कानाची पाळी धरली. पंतोजींनी तिला धूळपाटी दिली.

तात्पर्य: मुलाचे शरीर आणि बुद्धी आपापल्या वेळेने वाढतात, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करून त्यांना ओढू नये, आणि मुलाला आज जेवढे पेलते तेवढेच आज त्याच्या हाती द्यावे.